मागचं टोक

दोहा ते ऑकलंड, साडेचौदा हजार किलोमीटर.
सोळा तास. वारा पाठीशी असला तर थोडे कमी.
हर्षलानं फोनवर असं सांगितलं,
जसं कुणी सांगावं
पनवेलला चाललेय, येताना काही आणू का.

चौतीस वर्षं भूमी अभिलेखात मोजणीदार होतो मी.
आकडा ऐकला की हात अजून साखळी शोधतात.
तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची,
भर दुपारी उन्हानं बोटभर वाढणारी,
म्हणून मोठी मोजणी आम्ही सकाळीच उरकायचो.
कॅलेंडरच्या पाठीवर हिशोब मांडला:
चौदा लाख एक्केचाळीस हजार साखळ्या,
वर पाचशे-सहाशे.
बाळाराम घरत आणि मी दिवसाला दोनशे ओढायचो,
चिखल नसेल तर.
म्हणजे वीस वर्षं,
रविवार, गणपती
आणि बाळारामची कंबर न धरता.

इंदू म्हणाली, समुद्रात खुंटी कुठं मारणार?
खरंच की.
शिवाय लगतच्या कब्जेदारांना नोटिसा आल्या,
ओमानला, केरळला,
ऑस्ट्रेलियात जो कुणी तांबड्या मातीचा धनी असेल त्याला.
मोजणीला एकही हजर राहणार नाही,
आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांची हरकत.

उलव्यात आमच्या गच्चीवरून धावपट्टीचे दिवे दिसतात.
ती जमीन मी मोजलेली.
खाजण होतं, निवट्यांची बिळं होती,
मांडीपर्यंत पाय जायचा, वहाण आतच राहायची.
आता तिथून विमान उठलं
की मांडणीतली ताटं एकमेकांना लागतात.
तिचं विमान मात्र इथलं नाही.
तिचे दोन्ही विमानतळ मी पाहिलेले नाहीत.
चालत पंधरा मिनिटांवर एक आहे,
त्याच्याशी तिचं काही काम नाही.

पहाटे साडेचारला निघालं.
फोनवर पिवळं विमान, डाळीच्या दाण्याएवढं,
आणि त्याच्या मागं वाकडी रेघ.
वाकडी का? सरळ का नाही जात?
मी पपनस घेतलं, शिवणाचा दोरा घेतला,
इथं दोहा, तिथं ऑकलंड, अंगठ्यांनी दाबून ताणला.
दोरा आपोआप केरळावरून गेला.
वाकडा होता तो नकाशा.
इतकी वर्षं सपाट कागदावर सह्या केल्या मी.

सव्वाआठला ते केरळावर आलं.
आमच्यापासून हजारभर किलोमीटर,
आता याहून जवळ यायचं नाही.
इंदू वाळत घालत होती.
म्हणाली, कुठल्या अंगाला?
मी कर्नाळ्याच्या सुळक्याकडं बोट केलं.
दिसेल?
नाही.
तरी ओला टॉवेल खांद्यावर टाकून
ती तिकडं तोंड करून उभी राहिली,
टॉवेलचं पाणी ब्लाउजमध्ये उतरेपर्यंत.

साखळीला दोन माणसं लागतात.
पुढचा सुया रोवत जातो,
मागचा कडी खुणेवर धरून थांबतो.
एका रविवारी बाळाराम आला नाही,
तेव्हा बारा वर्षांच्या हर्षलाला नेली होती वहाळाच्या शेतावर.
मी पुढं गेलो, गवतात दिसेनासा झालो,
आणि तिकडं कुणाशी तरी बोलत बसलो, हद्दीवरनं.
परत बघतो तर बांधावर तशीच उभी,
दोन्ही हातांनी कडी धरून,
पायावर मुंग्या चढलेल्या.
अगं, सोडायची ना!
तुम्ही सोड म्हणाला नाहीत.

रात्री साडेआठला मेसेज आला,
तिकडं पहाटेचे चार.
उतरले. गारवा आहे. जेवून घ्या आता.
आम्ही जेवलो नव्हतो हे तिला कसं कळलं
ते इंदूनं विचारलं नाही, मीही नाही.

कॅलेंडर उलटं केलं.
हिशोबाखाली सवयीनं शेऱ्याचा रकाना आखला,
लिहिलं: पुढील हद्दीची खूण जागेवर आढळली नाही.
मग सही. मग तारीख,
तिकडची घालावी की इथली,
यावर थोडा वेळ गेला.